गाळाचे खाते कोणाकडे?

१९८६ साली मी ओडिशाच्या किनारपट्टीवरील एका उपविभागात उपविभागीय अधिकारी म्हणून रुजू झालो. पहिल्याच पावसाळ्यानंतर एका गावात महसुली तक्रारींची सुनावणी ठेवली होती. एक वृद्ध शेतकरी पुढे आला आणि त्याने मेणकापडाच्या पुडक्यातून शेतसाऱ्याच्या पावत्या काढून माझ्यासमोर मांडल्या. वडिलांच्या काळापासूनच्या पावत्या सालवार लावलेल्या होत्या. आपली जमीन मोजून हद्दीच्या खुणा पक्क्या करून द्याव्यात, एवढेच त्याचे मागणे होते. जमीन कुठे आहे, असे विचारल्यावर त्याने समुद्राकडे हात केला. महसूल निरीक्षकाने नकाशा उघडला. नकाशात गट होता, खातेदाराचे नाव होते, क्षेत्रही होते. जमीन मात्र पाण्याखाली जाऊन दहा वर्षे झाली होती.

मी इतिहासाचा विद्यार्थी. त्यामुळे या प्रश्नावरचा जुना कायदा मला ठाऊक होता. नदी किंवा समुद्र सरकल्याने नव्याने मिळणाऱ्या मळईच्या आणि वाहून जाणाऱ्या जमिनीविषयी ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल इलाख्यासाठी १८२५ साली अकरावा विनियम केला होता. हळूहळू साचत गेलेली मळई लगतच्या खातेदाराची आणि खोल पात्रात नव्याने वर आलेले बेट सरकारचे, असा त्याचा मथितार्थ. वाहून गेलेल्या जमिनीचा सारा कमी करता येत असे. गेलेली जमीन परत देण्याची सोय अर्थातच कोणत्याही कायद्यात नव्हती. मी त्या वृद्धाला सारा माफ करण्याचे आश्वासन दिले. त्याने हात जोडून नकार दिला. पावती थांबली की नाव जाते, अशी त्याची समजूत होती. आणि ती चुकीची नव्हती.

त्या सुनावणीची आठवण मला अलीकडे वारंवार होते. किनाऱ्यावरील कांदळवने आणि पाणथळ जागांविषयीची सरकारी आकडेवारी वाचताना तोच नकाशा डोळ्यांसमोर येतो. कागदावर सारे काही जागच्या जागी आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या १९८७ च्या अहवालात देशातील कांदळवनांचे क्षेत्र ४,०४६ चौरस किलोमीटर होते. २०२३ च्या अहवालात ते सुमारे ४,९९२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे साडेतीन दशकांत जवळपास साडेनऊशे चौरस किलोमीटरांची वाढ. मात्र याच काळात देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा कमी-अधिक प्रमाणात झिजत असल्याचे चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांच्या आधारे सांगितले आहे. पश्चिम बंगालमध्ये तर हे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक आहे. झाडे वाढत आहेत आणि झाडांखालची जमीन जात आहे, हा विरोधाभास समजून घेतल्याखेरीज पुनरुज्जीवनाच्या कोणत्याही योजनेला अर्थ नाही.

केंद्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात 'मिष्टी' ही कांदळवन योजना जाहीर केली. नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्रावर कांदळवने उभी करायची किंवा सुधारायची, असे तिचे उद्दिष्ट आहे. मनरेगा आणि वनीकरणाचा भरपाई निधी यांची सांगड घालून पैसा उभा करायचे तेव्हा ठरले. उद्दिष्टाविषयी माझी तक्रार नाही. १९९९ च्या महावादळाने ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मारली. त्यानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास करून सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ साली दाखवून दिले की, ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनांचा पट्टा रुंद होता, तिथे मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले. तेव्हा तिवरांचे मोल काय, हा वाद आता उरलेला नाही. माझा आक्षेप आहे तो मोजमापाला. आपण रोपे मोजतो आणि ज्या चिखलात ती लावायची तो चिखल कुठून येतो, हे विचारत नाही.

कांदळवन ही प्रथम गाळाची आणि मग झाडांची रचना आहे. भरतीच्या वेळी बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी अशी जमिनीची एक अरुंद पट्टी असते. भरती-ओहोटीच्या पाण्याची मधली पातळी आणि मोठ्या भरतीची पातळी यांच्यामध्येच तिवर रुजते. त्याहून खाली लावलेले रोप सतत पाण्यात राहून गुदमरते. त्याहून उंचावर, जिथे पाणी क्वचितच पोहोचते, तिथे क्षाराने जळते. फिलिपिन्समध्ये अनेक वर्षे कोट्यवधी रोपे लावली गेली आणि त्यांतील जगलेल्यांचे प्रमाण दहा ते वीस टक्क्यांच्या आसपासच राहिले, याचे मुख्य कारण रोपे चुकीच्या पातळीवरील चिखलात लावली गेली हे होते. शिवाय ही पट्टी स्थिर नसते. समुद्राची पातळी वाढते, त्रिभुज प्रदेशातील मऊ जमीन स्वतःच्या भाराने खचते. दरवर्षी गाळाचा नवा थर बसला आणि मुळांनी तो धरून ठेवला, तरच जमीन पाण्याच्या वर राहते. गाळ थांबला की झाडे काही वर्षे उभी दिसतात. उपग्रहाला ती हिरवीच दिसतात. मग एखाद्या वादळात ती मुळांखालच्या जमिनीसकट जातात.

हा गाळ कुठे थांबला? या प्रश्नाचे उत्तर किनाऱ्यावर नाही, ते शेकडो किलोमीटर आत आहे. जगातील त्रिभुज प्रदेश का खचत आहेत, याचा आढावा घेणारा एक गाजलेला शोधनिबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार विसाव्या शतकात समुद्रापर्यंत पोहोचणारा गाळ गोदावरीच्या बाबतीत सुमारे ४० टक्क्यांनी, महानदीच्या बाबतीत ७४ टक्क्यांनी आणि कृष्णेच्या बाबतीत ९४ टक्क्यांनी घटला. महानदीवर १९५७ मध्ये हिराकुड झाले. कृष्णेच्या खोऱ्यात कोयना, उजनी, अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी साखळी उभी राहिली. गोदावरीवर पैठणला १९७६ मध्ये जायकवाडी झाले. महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय दूरच्या बंगालचा किंवा ओडिशाचा वाटण्याचे कारण नाही. महाबळेश्वरी आणि त्र्यंबकेश्वरी उगम पावलेल्या नद्यांनी दख्खनची काळी माती हजारो वर्षे वाहून नेली आणि तिच्यातूनच आंध्रचा सुपीक किनारा घडला. काकिनाड्याजवळचे कोरिंगाचे कांदळवन याच गोदावरीच्या गाळावर उभे आहे. नाथसागराच्या तळाशी साठणारा गाळ महाराष्ट्रात सिंचनाचा शत्रू मानला जातो; तोच गाळ न मिळाल्याने खाली किनारा उपाशी राहतो.

यात कोणाचा कट नाही. धरणे बांधली गेली तेव्हा देशाला धान्य आणि वीज हवी होती, आणि पूर आवरणे हा तर हिराकुडचा घोषित हेतूच होता. दोष आहे तो हिशेबाच्या पद्धतीत. कृष्णेच्या पाण्याचे वाटप करताना बच्छावत न्यायाधिकरणाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी दिले. वाटप पाण्याचे झाले. नदी पाण्याबरोबर आणखी काही वाहून नेते आणि त्यावरही खालच्या भागाचा काही हक्क असू शकतो, ही कल्पना आपल्या आंतरराज्य जलतंट्यांच्या भाषेत रुजलीच नाही. समुद्राला मिळालेले पाणी 'वाया गेले' असे आपण आजही सहज म्हणतो. आपल्या जलधोरणाची सारी दृष्टी या दोन शब्दांत सामावली आहे.

'वाया' आणि 'पडीक' हे शब्द जुने आहेत. त्यांचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण आजचे दप्तर त्याच इतिहासावर चालते. सुंदरबनचे जंगल ही सरकारी मालमत्ता असल्याचे १८२८ च्या विनियमाने जाहीर झाले आणि लवकरच डॅम्पियर व हॉजेस या अधिकाऱ्यांनी त्याची हद्द आखली. हद्द आखली ती जंगल राखण्यासाठी नव्हे, तर ते पट्ट्याने देण्यासाठी. पट्टेदाराने ठरलेल्या मुदतीत ठरलेला हिस्सा लागवडीखाली आणला नाही, तर पट्टा रद्द होण्याची अट असे. म्हणजे दलदल राखणे हा करारभंग होता. साम्राज्याचा आत्मविश्वास एवढा होता की, कोलकात्याला पर्याय म्हणून मातला नदीकाठी कॅनिंग हे नवे बंदर वसवायचे ठरले. 'सायक्लोन' हा शब्द ज्याने घडवला त्या हेन्री पिडिंग्टनने १८५३ मध्येच गव्हर्नर जनरल डलहौसीला लिहून कळवले होते की, तिथे आज ना उद्या वादळाची लाट येईल आणि सारे वाहून नेईल. कोणी ऐकले नाही. १ नोव्हेंबर १८६७ च्या वादळाने बंदर मोडले आणि काही वर्षांतच ते सोडून देण्यात आले.

जमीनदारांनी जंगल तोडून बांध घातले, बांधांच्या आत भातशेती झाली, माणसे वसली. आज भारतीय सुंदरबनमध्ये सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीच्या बांधांच्या आड पंचेचाळीस लाखांच्या आसपास माणसे राहतात. मातीचा बांध खारे पाणी थोपवतो, तसाच गाळही थोपवतो. भरतीबरोबर येणारा गाळ शेतात न पसरता नदीच्या पात्रातच बसतो. पात्र वर येते, आतली जमीन खचत जाते आणि शे-दीडशे वर्षांत अशी स्थिती येते की, भरतीच्या वेळी नदी घरांच्या जोत्यापेक्षा उंचावरून वाहते. मे २००९ मध्ये 'आयला' वादळाने शेकडो किलोमीटरांचे बांध फोडले, तेव्हा आत शिरलेले पाणी कित्येक ठिकाणी महिनोन्‌महिने बाहेर पडले नाही. ते बाहेर पडण्याएवढी जमीन उंच राहिलीच नव्हती. २०२० मध्ये 'अम्फान' आणि २०२१ मध्ये 'यास' यांनी तीच कथा पुन्हा सांगितली.

खाऱ्या पाण्याशी व्यवहार कसा करावा, हे इथल्या शेतकऱ्याला पूर्वी ठाऊक होते. दक्षिण बंगालमध्ये, आजच्या बांगलादेशाच्या भागात, 'अष्टमासी बांध' घालत. कोरड्या आठ महिन्यांत खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि पावसाळ्यात नदी गोडी झाली की बांध मोडून गाळाचे पाणी शेतात घ्यायचे, अशी ती रीत होती. १९६० च्या दशकात पक्के कायमचे बांध आले आणि ती रीत संपली. पुढे पाणी तुंबून शेती बुडू लागल्यावर खुलना-जेसोर भागातील शेतकऱ्यांनी स्वतःच बांध कापले. बील भायना येथे १९९७ मध्ये बांध कापल्यावर अवघ्या चार वर्षांत जमीन सुमारे मीटरभर वर आली. गोव्याच्या खाजणांतही बांध आहेत, पण त्यांना 'मानस' आहे. लाकडी दारांच्या या मोऱ्यांतून भरती-ओहोटीची ये-जा ठरवून होऊ द्यायची, ही व्यवस्था गावकरीच्या संस्थांनी शतकानुशतके सांभाळली. समुद्राला सरसकट बाहेर ठेवणे आणि त्याला हिशेबाने आत घेणे, यांतील फरक या व्यवस्था जाणत होत्या.

आता माझ्या स्वतःच्या दप्तराकडे वळतो. ओडिशाच्या अधिकार अभिलेखात सरकारी जमिनींच्या वर्गवारीत 'अनाबादी' असा एक वर्ग आहे. त्याचे पुन्हा दोन भाग: लागवडीस योग्य आणि लागवडीस अयोग्य. भरती-ओहोटीची दलदल साहजिकच दुसऱ्या भागात पडते. १९८८ साली अशा एका दलदलीच्या पट्ट्यावर कोळंबी संवर्धनासाठी भाडेपट्टा देण्याचा प्रस्ताव माझ्यासमोर आला. त्या काळी कोळंबी म्हणजे परकीय चलन, बेरोजगार तरुणांना काम आणि पडीक जमिनीचा विनियोग, असे तिहेरी पुण्य होते. सुनावणीला काही कोळी बायका आल्या होत्या. त्या जागेतून आपण खेकडे आणि सरपण आणतो, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या नावाची कोणतीही नोंद कुठे नव्हती. मी नस्तीवर लिहिले: 'जागेचा सध्या कोणताही नोंदणीकृत उपयोग दिसून येत नाही. प्रस्ताव नियमानुसार आहे.' खाली सही केली. दोन वर्षांत तिवरे गेली आणि तिथे चौकोनी घेरी उभ्या राहिल्या. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ प्रकरणात किनारी नियमन क्षेत्रातील अशा कोळंबी उद्योगावर बंदी घातली, तोवर त्या जागेचे रूप पालटून गेले होते.

१९९९ च्या वादळानंतर मदतकार्याच्या निमित्ताने मी पुन्हा त्या भागात गेलो. घेरींच्या मागे जे गाव होते, तिथे थांबलो. तिवरे असती तर तिथली किती माणसे वाचली असती, हे सांगण्याचे साधन माझ्याजवळ नाही आणि अंदाज बांधण्याचा अधिकारही नाही. एवढेच सांगतो की, मी केलेल्या सहीत नियमाचा कोणताही भंग नव्हता. माझ्यावर कधी कोणी ठपका ठेवला नाही. नियमाप्रमाणे वागून एका गावापुढची ढाल काढून घेता येते, ही जाणीव मला निवृत्तीनंतरही सोडत नाही. ही जाणीव व्यक्तिगत म्हणून सांगत नाही. देशाच्या प्रत्येक किनारी जिल्ह्यात अशा सह्या झाल्या आहेत आणि होत आहेत.

मग उपाय आहे का? आहे, आणि तो आपल्याच देशात करून दाखवला गेला आहे. तमिळनाडूतील पिचावरमचे उदाहरण घ्या. इंग्रजांच्या काळापासून तिथे ठरावीक क्षेत्र पाळीपाळीने पूर्ण तोडण्याची पद्धत होती. उघड्या पडलेल्या जमिनीचा चिखल वाळून खचला आणि मध्यभागी बशीसारखा खोलगट भाग तयार झाला. भरतीचे पाणी त्यात शिरे, पण बाहेर पडत नसे. उन्हाने आटून त्याचा क्षार वाढे आणि नवे रोप जगत नसे. लोक चराईला दोष देत राहिले. १९९० च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि वन विभाग यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन माशाच्या काट्यासारखे मुख्य व उपचर खोदले. भरती आत आली, ओहोटीला बाहेर गेली, क्षार उतरला. त्यानंतर लावलेली झाडे जगली. आधी पाणी आणि मग झाड, हा तो क्रम.

दुसरे उदाहरण चिलिकाचे. नद्यांचा गाळ आत तुंबून आणि समुद्राकडचे मुख अडून हे सरोवर इतके गोडे व उथळ झाले की, १९९३ मध्ये संकटग्रस्त पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव गेले. चिलिका विकास प्राधिकरणाने झाडे लावली नाहीत. पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राच्या अभ्यासाचा आधार घेऊन सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडले. दोनेक हजार टनांच्या आसपास घसरलेले मासळीचे उत्पादन दोन वर्षांत दहा हजार टनांपुढे गेले आणि २००२ मध्ये त्या यादीतून चिलिकाचे नाव वगळले गेले. चिलिकाला यश का आले, याचे एक प्रशासकीय कारण मला महत्त्वाचे वाटते. तिथे एकाच प्राधिकरणाकडे सरोवर, त्यात येणारे पाणी आणि त्यावर जगणारे मच्छीमार यांचा एकत्र विचार करण्याची जबाबदारी होती.

इतरत्र तसे नाही. झाडे वन विभागाची, बांध जलसंपदा विभागाचे, तळी मत्स्य विभागाची, जमीन महसूल विभागाची आणि बंदरे आणखी वेगळ्याच मंत्रालयाची. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम किनारी नियमन क्षेत्रातील पाणथळ जागांना लागू नाहीत. तिथे किनारी अधिसूचना चालते आणि तिचा रोख बांधकामावर आहे. या वाटणीत गाळ कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. मंत्रालयांच्या भाषेत सांगायचे तर, गाळाचे खाते रिकामे आहे.

उशीर केला तर काय होते, याचा धडा अमेरिकेच्या लुइझियाना राज्याकडून घ्यावा. मिसिसिपी नदीला दोन्ही काठांनी बांधून टाकल्यावर १९३२ पासून त्या राज्याने सुमारे ४,९०० चौरस किलोमीटर किनारी दलदल गमावली. नदीचे गाळयुक्त पाणी मुद्दाम दलदलीत सोडण्याचा तीन अब्ज डॉलरच्या घरातला प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. खर्च वाढला, गोड्या पाण्याने आपले कालवे आणि कोळंबी संपेल म्हणून तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला, जुलै २०२५ मध्ये तो रद्द झाला. जगातील सर्वांत श्रीमंत देशालाही शतकभर अडवलेला गाळ परत आणणे परवडले नाही. शिवाय बदललेल्या पाण्यावर ज्यांचे पोट चालू लागले आहे, त्यांना बाजूला ठेवून पुनरुज्जीवन करता येत नाही, हेही तिथे दिसले.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. धरणे पाडता येत नाहीत आणि पंचेचाळीस लाख लोकांच्या डोळ्यांदेखत बांध कापता येत नाहीत. मान्य आहे. मी दोन्ही सुचवत नाही. परंतु धरणांची दारे कोणत्या पुरात, कोणत्या वेळी उघडावीत, म्हणजे साठ्याबरोबर काही गाळही खाली जाईल, हा अभियांत्रिकीचा सुटण्याजोगा प्रश्न आहे. तो कोणी विचारला पाहिजे. महानदीच्या पाण्यावरून छत्तीसगड आणि ओडिशा यांच्यातील तंट्यासाठी २०१८ मध्ये न्यायाधिकरण नेमले गेले. तिथे पाण्याबरोबर गाळाचा आणि किमान प्रवाहाचा प्रश्न मांडता येईल. ब्राह्मणी-वैतरणीच्या वरच्या भागातील उद्योगांनी गोडे पाणी उचलल्यास खाली भितरकनिकात क्षार वाढतो, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. बांधांच्या बाबतीत एखादे सखल, पडून असलेले क्षेत्र निवडून, तिथल्या शेतकऱ्याला काही वर्षांची पूर्ण नुकसानभरपाई देऊन, भरतीला आत घेण्याचा प्रयोग करता येईल. महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत शेतकरी गाळ वाहून नेतो. गाळ ही संपत्ती आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

दुसरी सूचना मोजमापाची. 'मिष्टी'च्या प्रगतीचा अहवाल लावलेल्या रोपांवर न थांबता पाच वर्षांनी जगलेल्या झाडांवर आणि त्यांच्याखालच्या जमिनीच्या पातळीवर असावा. जमीन वर येते की खाली जाते, हे काही मिलिमीटरपर्यंत मोजण्याची साधी साधने उपलब्ध आहेत. गुजरातेत गेल्या काही दशकांत लागवडीने कांदळवनांचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर वाढले. २०२१ ते २०२३ या दोनच वर्षांत ते सुमारे ३६ चौरस किलोमीटरने घटले. मिळवलेले किती टिकते, हे सांगणारा आकडा लावलेल्या रोपांच्या आकड्याइतकाच ठळक छापला गेला पाहिजे.

तिसरी सूचना माझ्या जुन्या खात्याला आहे. अधिकार अभिलेखातील 'अनाबादी' हा शब्द या जमिनींसाठी पुरे झाला. भरती-ओहोटीची जमीन असा स्वतंत्र वर्ग करून त्यात खेकडे, मासे, सरपण यांसाठी येणाऱ्यांचे वहिवाटी हक्क नोंदवावेत. नोंद झाली की पुढच्या उपविभागीय अधिकाऱ्याला 'उपयोग दिसून येत नाही' असे लिहिता येणार नाही.

आणि चौथी गोष्ट, जी टाळता येत नाही. काही जमीन जाणारच आहे. केंद्रपाडा जिल्ह्यातील सातभाया हा एकेकाळी सात गावांचा समूह होता. समुद्राने गावे एकेक करून घेतली. उरलेल्या ५७१ कुटुंबांना सरकारने बागपातिया येथे वसवले आणि २०१८ मध्ये पंचुबाराही या ग्रामदेवतांच्या मूर्तीही तिथे नेण्यात आल्या. त्या देवतांची पूजा पिढ्यान्‌पिढ्या कोळी समाजातील विवाहित स्त्रियाच करत आल्या आहेत. राज्याने घर बांधण्यापुरती जागा दिली, हे कौतुकास्पदच. देशात असे पुनर्वसन क्वचितच झाले आहे. परंतु घराच्या जागेत भात पिकत नाही, आणि समुद्रापासून दूर वसवलेल्या मच्छीमाराला मासे मिळत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्यास १,५०० कोटी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनास १,००० कोटी रुपयांची शिफारस केली, तेव्हा धूप ही पहिल्यांदाच राष्ट्रीय आपत्तीच्या हिशेबात आली. ही दारे उघडी राहिली पाहिजेत आणि त्यांतून जमिनीच्या बदल्यात जमीन किंवा निश्चित उपजीविका मिळाली पाहिजे. लोकांना सन्मानाने मागे सरकता आले, तर कांदळवनालाही मागे सरकायला जागा मिळते. मागे भिंत आणि पुढे समुद्र अशा अवस्थेत झाड जगत नाही. माणूसही जगत नाही.

त्या वृद्ध शेतकऱ्याच्या अर्जावर मी 'निकाली' असा शेरा मारला होता. त्याची जमीन मला परत देता येणार नव्हती, हे खरे. परंतु ती कुठे गेली, का गेली आणि तिच्या शेजारची जमीन त्याच वाटेने जाऊ नये म्हणून कोणी काय करायचे, हे लिहायला त्या नस्तीवर पुरेशी जागा होती. ती मी कोरी ठेवली. आज त्या खुर्चीवर बसलेल्या तरुण अधिकाऱ्यांपुढेही अशा पावत्या येत असतील. त्यांनी नकाशा मिटवण्याआधी नदीच्या उगमाकडे एकदा तरी पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)